मामांनी रान बघितलं

सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामा माझ्याशी सगळी मिळून वीस वाक्यं बोलले असतील, आणि त्यातली निम्मी नुसती ‘व्हय’ होती. राग नव्हता, आकस नव्हता. जन्मभर ते माणसांपेक्षा मेंढरांशी जास्त बोलले होते, एवढंच. मी सोलापुरातल्या गिरणी कामगाराची मुलगी. आमच्या चाळीत दोघी बोलायला लागल्या की तिसरीला ओरडूनच सांगावं लागायचं. सासरची शांतता मला सुरुवातीला इतकी छळायची की मी मुद्दाम भांडी आपटायचे. पुढं नवऱ्याकडून कळलं की मामांना ते आवडायचं. घरात कुणीतरी आहे हे कळतं, असं ते म्हणायचे.

मंद्रूपच्या बाजूला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण मामांचा जीव तिच्यात कधीच नव्हता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, असं त्यांनी आयुष्य काढलं. आमच्या सासरी वाडा म्हणतात तो भिंती नसलेला. जाळी, एक घोडं, चूल आणि चार माणसं, एवढं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं की झाला वाडा. गुडघे गेले तेव्हा मामांनी मेंढरं विकली. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, आणि ते सोलापुरात विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आमच्या तीन खोल्यांत राहायला आले.

आधी जेवलेलं विसरायला लागले. मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, आणि पुढं काय काय होईल तेही सांगितलं. मी यादीत कितव्या नंबरवर होते कुणास ठाऊक, पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मीही गेले. त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई. म्हणजे चुकीचं काहीच नाही, मी हायस्कूलला भूगोल शिकवते. पण मामांच्या हिशेबानं मी त्यांच्या घरी चौकशीला आलेली असते.

“बसा, बाई,” ते म्हणतात. “उद्यापास्नं पोराला धाडतो साळंला.”

ते पोर पंचावन्न वर्षांचं आहे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे आणि तिथंच बाजूला बसून चहात पाव बुडवत असतं. मी म्हणते, “धाडा नक्की. लई खाडे झालेत त्याचे.” नवरा माझ्याकडे बघून डोळे वटारतो. असे आमचे दिवस चालले होते, आणि खरं सांगायचं तर वाईट चालले नव्हते.

मग मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी शाळेत, नवरा डेपोत, आणि सांभाळायला ठेवलेल्या बाई मालिकेत, असं असताना मामा कडी काढून बाहेर पडले. थेट विजापूर रस्त्यावर गेले आणि मधोमध उभे राहिले. काठी आडवी धरून त्यांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. त्यांची मेंढरं रस्ता ओलांडत होती. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्यांना ओळखलं आणि मला फोन केला, म्हणून सगळं कळलं. सगळ्यात पुढं एक मोठा ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर कर्नाटकातला, धनगर बघत वाढलेला असणार. त्यानं म्हणे इंजिन बंद केलं आणि वाट बघितली. शेवटचं मेंढरू पलीकडे गेल्यावर मामांनी त्याला हात वर करून जायला सांगितलं आणि मग बाजूला झाले.

हे ऐकताना मला हसू आलं. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन मी खूप रडले. तो ट्रक दुसऱ्या कुणाचा असता तर काय झालं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. घरीच ठेवायचं हा हट्ट आता मामांच्या जिवावर बेतणार होता. माणसं ठेवून झाली होती. पहिल्या बाई आठवड्यात पळाल्या, या दुसऱ्यांना मी त्याच संध्याकाळी घालवलं.

नवऱ्याला सांगितलं, आता अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एखादी जागा बघू, तर तो उठून दाराची कडी तपासायला लागला. त्यांच्याकडची पद्धतच ती. नणंद मात्र फोनवर कडाडली. ती श्रीपूरला असते, तिचा नवरा साखर कारखान्यात आहे.

“आबाला कोंडून घालणार व्हय तुमी? लोकं काय म्हंतील?”

“लोकांना म्हणावं, एकेक दिवस वाटून घ्या,” मी म्हटलं. “सोमवारचा कोण घेतंय ते विचार आधी.”

तिला ते लागलं. पुढच्याच रविवारी आली आणि मामांना महिनाभरासाठी घेऊन गेली. तिकडं गळीत हंगाम जोरात होता. तिच्या दारावरून दिवसभर उसाच्या बैलगाड्या जात होत्या, आणि मामा प्रत्येक गाडीमागं निघत होते. पाचव्या दिवशी ती त्यांना परत घेऊन दारात उभी. डोळे खोल गेलेले, केस विस्कटलेले.

“वहिनी,” ती म्हणाली, “बघा तुमी जागा. म्या काय बोलत न्हाय.”

मी तिला आत घेतलं, चहा दिला, आणि ती आमच्या सोफ्यावर चार तास झोपली. माझ्या मनातली तिच्याबद्दलची अढी त्या दिवशी गेली.

जागा बघायची म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे काय ते मी आतून बघितलेलं आहे. साहेब येणार असले की आम्हीही फळा पुसून सुविचार लिहितो आणि फुटक्या काचेवर नकाशा टांगतो. त्यामुळं कुणी मला काय दाखवतंय यापेक्षा काय झाकतंय ते मला लवकर दिसतं. मी एक दोनशेपानी वही केली. तीसेक प्रश्न काढले. माणसं किती, रात्री जागं कोण असतं, औषधं कुलपात असतात का, आंघोळीला गरम पाणी मिळतं का. नवऱ्यानं वही चाळली आणि म्हणाला, “परीक्षा कुणाची हाय?”

पहिली जागा शहरातच होती. चार मजली, नवी, लिफ्टची. वेळ घेऊन गेलो, मामांना बरोबर नेलं. दारातून आत पांढरीशुभ्र फरशी होती, चेहरा दिसावा अशी. मामा उंबऱ्याशी थांबले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि काठी पुढं करून फरशी चाचपायला लागले.

“पाणी लई हाय,” ते म्हणाले. “मेंढरं उतरायची न्हाईत.”

काउंटरवरची मुलगी हसली. एक माणूस पुढं आला आणि “चला चला, बाबा” करत त्यानं मामांचा दंड धरून ओढलं. मामांनी काठी उगारली. मी मध्ये पडले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या आजारात चकचकीत फरशी खरोखरच पाण्यासारखी दिसते. तीस वर्षांत मामांनी काठी उगारलेली मी पहिल्यांदा बघितली, पण राग मला त्यांचा नाही, ओढणाऱ्या हाताचा आला. तरी तपासणी अर्धी टाकायची नाही म्हणून नवऱ्याला त्यांच्याजवळ ठेवून मी एकटी वर जाऊन आले. सगळं स्वच्छ होतं. खुर्च्या ओळीत, खुर्च्यांत माणसं, समोर टीव्ही. सगळ्यांना एकसारख्या ट्रॅकपँट घातलेल्या, कारण म्हणे सोयीचं पडतं. नावं ठेवावीत असं काही नव्हतं. फक्त कुणाच्याही हातात काहीही नव्हतं. पेपर नाही, माळ नाही, निवडायला शेंगा नाहीत. मी खाली आले तेव्हा मामा पायरीवर बसून धोतराचं टोक पिळत होते.

दुसऱ्या जागेचं आमच्या शाळेतल्या शिपाईमावशींनी सांगितलं. त्यांची आत्या तिथं शेवटपर्यंत होती. शहर संपतं तिथं, शेतातलं बैठं घर, चौदा-पंधरा म्हातारी माणसं. या वेळी मी एकटीच गेले, फोन न करता, ऐन जेवणाच्या वेळेला.

आधी मागच्या बाजूनं गेले. कपड्यांची दोरी मला नेहमी खरं सांगते. दोरीवर दोन धोतरं, एक नऊवारी लुगडं, तीन लुंग्या आणि काही गाऊन वाळत होते, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोऱ्यानं खूण शिवलेली होती. म्हणजे ज्याचा कपडा त्यालाच जात होता. पडवीत बसलेल्या आजोबांची नखं बघितली, कापलेली होती. संडासाला आतून कडी नव्हती आणि धरायला भिंतीत गज होता. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

ते घर चालवणाऱ्या बाई ओसरीवर जेवायला बसल्या होत्या. जाड, सावळ्या, पन्नाशीच्या. आधी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

“बसा,” त्या म्हणाल्या. “जेवून घेते, मग बोलू. तुम्ही जेवलात का?”

मी ‘हो, जेवले’ म्हणायला हवं होतं. पण भाकरी गरम होती, शेजारी शेंगाचटणी होती आणि मी सकाळी सातला घरातून निघाले होते. तपासणीला आलेली बाई मांडी घालून जेवायला बसली. वही मांडीवर उघडून मी एकेक प्रश्न विचारत गेले, तोंडात घास असतानाच.

“इथं कुणी पडतं का?”

“पडतात की. गेल्या महिन्यात एक आजी पडल्या, मनगट मोडलं. त्यांच्या मुलाला मी स्वतः फोन केला.”

“कुणी चिडलं, मारायला धावलं, तर?”

“आधी कशामुळं ते बघतो. निम्म्या वेळा लघवी लागलेली असते, सांगता येत नसतं.”

हे मी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मामा संध्याकाळी चिडायचे तेव्हा आम्ही त्यांना चहा द्यायचो. आमचं असं चुकत होतं.

“गोळी देऊन झोपवता?”

“डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाही. आणि लिहिली, तर तुम्हाला सांगितल्याशिवाय नाही.”

“फिरू देता?”

“कुंपणाच्या आत कुठंही. फाटकाला कुलूप असतं, ते खोटं कशाला सांगू.”

शेवटचा प्रश्न वहीत नव्हता. “ते विचारतील, घरी कधी जायचं. तेव्हा काय सांगता?”

बाईंनी ताटातला शेवटचा घास संपवला. “माणूस बघून सांगतो. घर म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं हो. कुणाला आईकडं जायचं असतं, कुणाला गिरणीत. सगळ्यांना पुरेल असं उत्तर मला अजून सापडलं नाही.”

मला त्या आवडल्या. तिथं काम करणारा एक माणूसही आवडला. घरी तेलुगू बोलणारा, पंचवीस वर्षं यंत्रमागावर काढलेला. कारखाना बंद झाल्यावर इथं आला होता. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं तो साधं बोलायचा तेही ओरडल्यासारखं.

“हळू बोललो तर मलाच ऐकू येत न्हाय, अक्का,” तो म्हणाला. मामांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मी मनात एक खूण केली.

तरीही घरी येऊन मी ठरवलं काहीच नाही. नवऱ्याला म्हटलं, अजून एकदा जाऊ, पुण्याची एक जागा बघू, महिनाभर विचार करू. वहीत आणखी प्रश्न वाढले. नवरा म्हणाला, “तुला न्हेमकं काय पायजे?” मी त्याच्यावर खेकसले. पण मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मला मामांचं ‘व्हय’ हवं होतं. ज्या माणसाला आपण कुठं आहोत हे कळत नाही त्याच्याकडून होकार मागणं हा वेडेपणा आहे, हेही मला माहीत होतं. तो मिळाल्याशिवाय त्यांना सोडून यायला माझं मन धजत नव्हतं. ते मला विसरले होते म्हणून मी त्यांना विचारायचं सोडून द्यावं, हे मला पटत नव्हतं.

निदान जागा तरी दाखवू म्हणून एका रविवारी निघालो, तर मामा जागचे हलेनात. चकचकीत फरशीची भीती कुठंतरी राहिली असावी. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. नाही. म्हटलं, लग्नाला जायचंय. “कुणाच्या?” त्यांनी विचारलं, आणि मला पटकन नाव सुचेना. रिक्षावाला दारात उभा. शेवटी नवरा त्यांच्यापुढं उकिडवा बसला.

“आबा,” तो म्हणाला, “रान बघाया जायाचं न्हवं का?”

मामांनी मान वर केली. कुणाचा हात न धरता उठले. पटका मागितला, स्वतः बांधला, घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि रिक्षात जाऊन बसले.

मला खोटं बोललेलं आवडत नाही. वाटेत मी नवऱ्याकडं बघतसुद्धा नव्हते. मग त्यानं हळूहळू सांगितलं. पीक निघालं की शेतकरी मेंढरंवाल्याला बोलावतात. मेंढरं रात्री त्या रानात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं, मुताचं खत होतं, त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतो. पण वाडा हलवायच्या आधी घरातला मोठा माणूस पुढं जाऊन रान बघून येतो. पाणी कुठं आहे, वारा कुठून येतो, मालक कसा आहे, सगळं. एवढं मी नववीच्या वर्गाला स्थलांतराच्या धड्यात थोडंफार शिकवतेही. पण रान बघणारा माणूस मी कधी बघितला नव्हता.

त्या दिवशी बघितला. मामा फाटकातून आत गेलेच नाहीत. आधी कुंपणाच्या बाहेरून पूर्ण फेरी मारली, आणि तो यंत्रमागवाला त्यांच्याबरोबर चालला. शेजारच्या रानातली ज्वारी नुकतीच काढली होती, बुडखे उभे होते. मामांनी वाकून माती उचलली, चुरगाळली, टाकली. धोतराचा सोगा सोडून वारा बघितला.

“कुत्री किती?”

“एकच हाय, आजोबा,” मागवाला ओरडला. “म्हातारं हाय. भुंकत न्हाय.”

“लांडगं?”

“हितं न्हाय येत. तिकडं माळावर हाय म्हणतात.”

मामांनी मान हलवली. खरं बोलणारा माणूस भेटल्यासारखी. मग ते आत आले. आत शहाबादी फरशी होती, काळपट आणि खरबरीत, आणि मामा खाली न बघता तिच्यावरून चालत गेले. ओसरीवर, पडवीत बसलेल्या एकेका माणसापुढं ते थांबले आणि नीट निरखून बघितलं. एक आजी बारीक आवाजात रडत होत्या. मामांनी त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं.

“हिला सावलीत घ्या,” ते म्हणाले.

खरंच आजींच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. खुर्ची सरकवायची राहून गेली होती. बाईंनी स्वतः उठून सरकवली आणि आजी रडायच्या थांबल्या.

“मालक कोण?” मामांनी विचारलं.

“मीच,” बाई म्हणाल्या.

“किती रात्री बसवू?”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. नवरा त्यांना काहीतरी खुणावत होता, पण त्या तोवर बोलून गेल्या होत्या. “तुम्ही म्हणाल तितक्या, बाबा.”

मामा हसले. दात नसलेलं, मोठ्या आवाजातलं हसू. कित्येक महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. “आसला मालक न्हाय बघितला म्या. शेतकरी दोन रात्री जास्तीच्या मागतो. हिला मोजायचंच न्हाय.” मग त्यांनी जरा विचार केला. “आठ. मंग बघू.”

“बरं, आठ,” बाई म्हणाल्या. मामांनी तळहात पुढं केला, बाईंनी त्यावर आपला ठेवला.

नवऱ्याचा चेहरा उतरला. “झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“शब्द झाला.”

“अहो, आपण नुसतं बघायला आलोय!”

“तुला तसं. आबांना तसं न्हवं.”

मला वाटलं, घरी पोचेपर्यंत विसरतील. सकाळी खाल्लेले पोहे अर्ध्या तासानं न आठवणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी मी उठले तर मामा दारात बसलेले, पटका बांधून, घोंगडी खांद्यावर. मालक वाट बघत असेल, म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. आपण निघत का नाही म्हणून ते चिडले नाहीत, उलट शरमल्यासारखे झाले. चहा घेईनात. डॉक्टर म्हणाले, फार जुन्या सवयी मागं राहतात. असेल. मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना सांगा ते खरं नव्हतं. त्यानं मान हलवली. एकदा एका गावात मुक्काम ठरल्यावर पाण्याचे हाल झाले, तरी मामांनी ठरलेल्या सगळ्या रात्री काढल्या होत्या, लांबून पाणी आणून. आता या वयात मी त्यांना शब्द मोडायला कसं सांगू, असं त्याचं म्हणणं.

“तुमच्या घराण्यात सगळे निर्णय असेच होतात का?” मी विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला.

मी बाईंना फोन केला. “तुम्ही आठ म्हणालात, त्यांनी ते खरं धरलंय.”

“मीही चेष्टेत नव्हते म्हणाले,” त्या म्हणाल्या. “आणा. आठ रात्री बघू. तुम्हालाही जरा झोप मिळेल.”

मला झोप मिळेल याची काळजी बऱ्याच दिवसांत कुणी केली नव्हती. मी फोन ठेवला आणि मामांची धोतरं, औषधं, पाण्याचा तांब्या असं भरायला घेतलं. माझी वही अर्धीच भरली होती.

त्यांना पोचवलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलंही नाही. अंगणाचे कोपरे बघत फिरत होते. मागवाला बरोबर होताच. नवऱ्याला म्हणाले, “जा, तुमी म्होरं व्हा.” बस्स. रिक्षात नवरा रडला, आणि मी, जी कशावरही रडते, कोरडी बसून होते. मला आपण त्यांना फसवलं असंच वाटत होतं. आठ रात्रींनंतर त्यांनी मालकाला निरोप देऊन काठी उचलली, तर आपण त्यांना आणायचं, हे मी रिक्षातच ठरवून टाकलं. जागा कितीही चांगली असो.

पहिल्या रात्री मी आठ तास झोपले आणि सकाळी मला लाज वाटली. तिसऱ्या रात्रीही झोपले आणि लाज वाटली नाही. मागवाला रोज फोन करायचा, आणि मी तो कानापासून लांब धरायचे. “अक्का! आजोबा जेवले! भाकरी दुधात कुस्करून! रात्री दोनदा उठले, चक्कर मारली, झोपले!” श्रीपूरहून नणंदेचा फोन यायचा, तिला मी हे सगळं जसंच्या तसं सांगायचे, ओरडण्यासकट. समोरच्या काकूंनी विचारलं, मामा दिसत नाहीत? माझ्या तोंडून निघून गेलं, “बाहेर गेलेत, मेंढरं घेऊन.” बोलल्यावर मला ते खोटं वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

नवव्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. नवरा म्हणाला, “तू जा, मला बघवायचं न्हाई.” मामांचे कपडे भरून आणायला मी एक रिकामी पिशवी घेतली. रिक्षा फाटकाशीच सोडली, उन्हातून चालत आत गेले. ज्वारीचे बुडखे शेजारच्या रानात अजून उभे होते.

मामा कडुलिंबाच्या झाडाखाली जमिनीवर बसले होते. शेजारी खुर्ची होती, ती मोकळीच. पलीकडे दोन आजोबा बसले होते, एक डुलक्या घेत होते. मामांच्या मांडीवर काठी होती आणि गालांवर नुकत्याच केलेल्या दाढीची तकाकी. मी जवळ गेले. मला वाटलं, उठून उभे राहतील, बाई बसा म्हणतील. नाही उठले. डोळे बारीक करून बघितलं.

“कुणाची गं तू?”

खेड्यात म्हातारी माणसं पोरींना विचारतात तसं. माझ्याकडं चार उत्तरं होती. तुमच्या मुलाची बायको, तुमची सून, शाळेतली बाई, गिरणीवाल्याची मुलगी. मी म्हटलं, “तुमचीच की, मामा.”

त्यांनी त्यावर विचार केला. माझे धुळीनं भरलेले पाय बघितले, हातातली पिशवी बघितली.

“दमलीस व्हय?”

“व्हय.”

“मंग ऱ्हा की हितंच,” ते म्हणाले. “जागा बरी हाय. मालक मोजत न्हाय.”

आणि बसल्या जागीच थोडे सरकून त्यांनी शेजारच्या मातीतले खडे तळहातानं बाजूला केले. मी पिशवीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तिथं बसले.